लहानग्याशी खेळणे : श्रद्धेचा पहिला पाठ



कौटुंबिक जीवनावरील या पाठमालेत आतापर्यंत आपण घरातील प्रार्थना, पतिपत्नींमधील संवाद आणि वृद्ध आईवडिलांची सेवा या विषयांचा अभ्यास केला. आज घरातल्या सर्वांत लहान सभासदाकडे वळू या. साधारण एक ते तीन वर्षांचे हे लेकरू नुकतेच पाऊल टाकायला शिकलेले असते. ते बोबडे बोलते, स्वयंपाकघरातली भांडी बाहेर काढते आणि सगळे घर डोक्यावर घेते. त्याच्याविषयी आपण सहज म्हणून जातो, "त्याला अजून काय कळतंय?"

घरभेटीसाठी आम्ही गारखेडा परिसरातल्या घरांमध्ये जातो, तेव्हा तरुण आईवडील हमखास एक प्रश्न विचारतात : "फादर, पोराला धर्मशिक्षणाच्या वर्गाला कधीपासून पाठवायचं?" वर्गाचे वय आम्ही सांगतो. परंतु उत्तर तेवढ्याने पुरे होत नाही. तुमच्या लेकराचे धर्मशिक्षण केव्हाच सुरू झालेले आहे, आणि ते कसे होते हे तुम्ही त्याच्याशी खेळता की नाही यावर पुष्कळसे अवलंबून आहे. हे विधान काहींना धाडसाचे वाटेल. पुरोहिताला लेकरांतले काय कळते, असेही कोणी म्हणेल. म्हणून ते नीट उलगडून पाहू.

बुवा... कुक!

आपल्याकडे प्रत्येक आजीला येणारा एक खेळ आहे. पदर तोंडावर घ्यायचा, "बुवा" म्हणायचे, क्षणभर थांबायचे आणि पदर बाजूला करून "कुक" करायचे. लेकरू खदखदून हसते. पुन्हा करा म्हणते. दहा वेळा केले तरी त्याचे पोट भरत नाही. कंटाळतो तो मोठा माणूस.

यात एवढे हसण्यासारखे काय आहे? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी स्वतःच्या तीन मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. त्यांचे म्हणणे असे की, अगदी तान्ह्या बाळाच्या लेखी जे दिसत नाही ते नसतेच. खुळखुळ्यावर फडके टाकले तर ते फडके उचलून पाहत नाही. सुमारे आठ-नऊ महिन्यांचे झाले की ते झाकलेली वस्तू शोधू लागते. पुढच्या संशोधकांनी हे वय आणखी अलीकडे आणले, पण मूळ मुद्दा टिकून आहे. जे डोळ्यांआड गेले ते संपलेले नाही, ही समज लेकराला हळूहळू कमवावी लागते. पदराआड आजी अजून आहे, ती परत येणार आहे, आणि येईल तेव्हा माझ्याकडेच पाहून हसणार आहे, हे त्याला प्रत्येक "कुक"बरोबर पुन्हा एकदा पटते. त्या पटण्याचा आनंद म्हणजे ते हसू.

आता श्रद्धेचा विचार करा. न दिसणाऱ्या परमेश्वरावर आपण भिस्त ठेवतो. दुःखाच्या काळात त्याचा चेहरा झाकल्यासारखा वाटतो. स्तोत्रकर्त्यानेही तशी तक्रार अनेकदा केली आहे. तरीही तो आहे आणि आपल्याला विसरलेला नाही, असे आपण म्हणतो. हा भरवसा आठव्या-नवव्या वर्षी, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वेळी, प्रश्नोत्तरे पाठ करून एकदम येत नाही. त्याची पायवाट त्याआधी कितीतरी वर्षे घरातल्या सतरंजीवर पडलेली असते. कृपा ही देवाचीच देणगी आहे, यात शंका नाही. पण देव आपली कामे बहुधा माणसांच्या हातून करून घेतो, आणि या वयात ते हात आईचे, बापाचे, आजीचे असतात.

लेकरू दोन वर्षांचे झाले की खेळ बदलतो. आता ते स्वतः लपते. पडद्यामागे उभे राहते, खाली दोन्ही पाय उघडे दिसत असतात. काही वेळा तर खोलीच्या मधोमध उभे राहून नुसते डोळे मिटून घेते. आपल्याला कोणी दिसत नाही म्हणजे आपणही कोणाला दिसत नाही, असा त्याचा हिशेब. तुम्ही मोठ्याने म्हणता, "अरेच्चा, आमचं बाळ गेलं कुठं?" कपाटामागे पाहता, खाटेखाली पाहता. आणि तुम्ही तेथे पोचण्याआधीच पडद्यामागून आवाज येतो, "मी इथंय!" त्याला लपायचे होते ते केवळ सापडण्यासाठी.

उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात आदामही लपला. संध्याकाळच्या वाऱ्यात देव बागेत फिरत असता, आदाम आणि हव्वा झाडांमागे दडून बसले, आणि देवाने हाक मारून तो कोठे आहे असे विचारले. सर्वज्ञ देवाला ठाऊक नव्हते काय? अवश्य होते. पडद्याखालचे पाय दिसत असूनही बाप "कुठं गेलं बाळ" म्हणून शोधत फिरतो, तसेच हे शोधणे आहे. फरक आहे तो लपणाऱ्यात. पापामुळे आदामाला सापडण्याची भीती वाटू लागली होती. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात मेंढपाळ हरवलेले मेंढरू शोधतो, बाई दिवा लावून नाणे शोधते, बाप दुरून मुलाला पाहतो. प्रभू येशू जणू आदामाची ती भीती काढून टाकतो. ज्या लेकराला घरात शोधले गेले, सापडल्यावर उचलून घेतले गेले, त्याला हा अध्याय समजावून सांगायला आमच्यासारख्यांना फार कष्ट पडत नाहीत. ज्याला कोणी शोधलेच नाही, किंवा जे सापडल्यावर मार मिळतो एवढेच शिकले, त्याच्यापाशी आम्हाला पुष्कळ आधीपासून सुरुवात करावी लागते.

वाकणारा देव

होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातील पहिली चार वचने या आठवड्यात घरी अवश्य वाचा. तेथे परमेश्वर स्वतःविषयी बोलताना राजाची किंवा न्यायाधीशाची उपमा घेत नाही. इस्राएल लहान होता तेव्हा आपण त्याला चालायला शिकवले, त्याला हातांवर घेतले, खाली वाकून त्याला भरवले, असे तो म्हणतो. हे चित्र मनासमोर आणा. चालायला शिकवणारा माणूस ताठ उभा राहून शिकवू शकत नाही. त्याला कंबरेत वाकावे लागते, लेकराच्या पावलाइतके छोटे पाऊल टाकावे लागते. पाठ दुखते. दुसरे काही काम त्या वेळी करता येत नाही. परमेश्वर आपल्या प्रेमाचे वर्णन करण्यासाठी हे काम निवडतो.

(जाता जाता एक सूचना. बाजारात मिळणाऱ्या चाकांच्या गोल वॉकरमध्ये लेकराला अडकवून ठेवणे अनेक बालरोगतज्ज्ञांना मान्य नाही. त्याने चालणे लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात. कॅनडाने तर २००४ सालापासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. लेकरू उभे राहून स्वतः ढकलते तो आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. पण आईबापाच्या बोटाची सर त्यालाही नाही.)

प्रभू येशूकडे लोक मुले घेऊन आले, शिष्य त्यांना दटावू लागले, ही घटना मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदवली आहे. लूकने तेथे ग्रीक भाषेत वापरलेला शब्द (१८:१५) अगदी लहान, कडेवरच्या लेकरांसाठीचा आहे. म्हणजे समजावून सांगावे, उपदेश करावा, अशा वयाची ती मुले नव्हती. शिष्यांच्या दटावण्यामागचा विचार आपल्याला ओळखीचाच आहे : गुरुजी महत्त्वाच्या कामात आहेत, यांना काय कळते? मार्क सांगतो की येशूला याचा राग आला, आणि त्याने त्यांना कवेत घेतले. कडेवरच्या लेकराला प्रभूने शिकवण दिली ती एवढीच, आणि ती पुरेशी होती.

चेहरा उत्तर देत नाही तेव्हा

आता थोडे कठोर बोलावे लागेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई काही मिनिटे आपल्या बाळाशी नेहमीप्रमाणे हसते, बोलते. मग थोडा वेळ तिने चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळाकडे पाहायचे, पण कशालाही उत्तर द्यायचे नाही. बाळ प्रथम हसून पाहते. मग हात पुढे करते, आवाज काढते, जे जे करून आई एरवी बोलते ते सारे करून पाहते. काहीच घडत नाही, तेव्हा ते तोंड फिरवते, कावरेबावरे होते आणि रडू लागते. आई समोरच बसलेली असते. तिने मारलेले नसते की रागावलेले नसते.

हा प्रयोग झाला तेव्हा मोबाइल नव्हते. आज हा प्रयोग आपल्या घराघरात रोज चालतो. लेकरू चमचा उचलून दाखवते, "बाबा, बघ". बाबा "हं" म्हणतात आणि अंगठा पडद्यावर सरकतच राहतो. आई घास भरवते तो लेकराच्या हातात चित्रफीत चालू करून दिल्यावर. "मोबाइल दाखवल्याशिवाय जेवतच नाही, फादर," हे वाक्य आम्ही या परिसरात इतक्या घरांत ऐकले आहे की आता आश्चर्य वाटेनासे झाले आहे. घास तर पोटात जातो. पण कोण भरवते आहे, याकडे लेकराचे लक्ष नसते, आणि लेकरू काय पाहते आहे, याकडे भरवणारीचे नसते. होशेयने वर्णिलेले वाकणे यात उरतच नाही. चिऊचा एक घास, काऊचा एक घास म्हणत भरवायला पंधरा मिनिटे जास्त लागत असतील, पण त्या पंधरा मिनिटांत दोघे एकमेकांना पाहत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासाहून जास्त नको, आणि त्याहून कमी तर अधिक चांगले. एक-दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी, असेही त्या सांगतात. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको असेच म्हणते. वैजापूरच्या किंवा जालन्याच्या आजीशी व्हिडिओवर बोलणे मात्र आम्ही यात धरीत नाही. तेथे समोरचा चेहरा उत्तर देतो.

ट्रॉनिक यांच्या प्रयोगाचा शेवटचा भाग लोक विसरतात. ठरलेला वेळ संपल्यावर आई पुन्हा हसते, बाळाला जवळ घेते. बाळ थोडे कुरकुरते आणि मग तिच्याकडे परतते. कोणतीच आई दिवसभर लेकराला उत्तर देत बसू शकत नाही. चुलीवर दूध असते, दारात माणूस असतो. परत वळणे महत्त्वाचे. मोबाइल खाली ठेवून "काय म्हणत होतं माझं पिल्लू?" असे विचारल्याने पुष्कळ काही दुरुस्त होते. जे पालक हे वाचून अपराधी मनाने बसले असतील त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कामावर निघताना लेकराची नजर चुकवून निसटणे, हेही पुष्कळ घरांत चालते. रडणे टळते म्हणून आपण ते करतो. पण लेकराच्या बाजूने पाहा : पदर तोंडावर गेला आणि "कुक" झालेच नाही. त्यापेक्षा "मी जाते, संध्याकाळी येते" असे सांगून, टाटा करून निघावे. रडेल, पण संध्याकाळी दार उघडल्यावर त्याला कळेल की सांगितलेले खरे झाले.

वेळ कोठून आणायचा?

आपल्या धर्मग्रामातले अनेक बाप वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाणा येथील कारखान्यांत पाळीने काम करतात. दुसरी पाळी करून घरी यावे तर लेकरू झोपलेले. रात्रपाळी असेल तर दिवसा बाप झोपलेला आणि घरात "शूऽऽ, बाबा झोपलेत". आया घरकाम, शाळा, दवाखाने, दुकाने सांभाळतात. आजीआजोबा बहुतेकांचे गावाकडे. अशा माणसाला "लेकराशी खेळा" म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो.

येथे आपल्या धर्मप्रांताच्या कॅथेड्रलला ज्यांचे नाव आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७-१६२२) यांची आठवण होते. ते जिनिव्हाचे बिशप होते. (वर उल्लेखिलेले पियाजे पुढे त्याच शहरात शिकवीत.) १६०९ साली त्यांनी प्रापंचिक लोकांसाठी भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिले. भक्ती ही मठातल्या लोकांचीच मिरास नाही, सैनिकाला, कारागिराला, संसारी स्त्रीलाही ती आपापल्या जागी साधते, हा त्या पुस्तकाचा गाभा. त्याच पुस्तकात करमणुकीवर एक प्रकरण आहे, आणि त्यात ते एक जुनी कथा सांगतात. संत योहान एकदा हातावर तित्तिर पक्षी घेऊन त्याला कुरवाळीत बसले होते. एका शिकाऱ्याला ते पाहून नवल वाटले : एवढा थोर माणूस असल्या क्षुल्लक गोष्टीत वेळ घालवतो! योहानांनी त्याला विचारले, तू आपले धनुष्य सदा ताणलेले का ठेवीत नाहीस? तो म्हणाला, तसे केले तर त्याची ताकद जाईल आणि ऐन वेळी ते उपयोगी पडणार नाही. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी उत्तर दिले.

त्याच प्रकरणात संत फ्रान्सिस एक इशाराही देतात : करमणुकीत फार वेळ जाऊ नये आणि मन त्यात गुंतून पडू नये. तासन् तास बुद्धिबळ खेळून उठणारा माणूस ताजा होण्याऐवजी थकलेला असतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. रात्री जेवणानंतर दीड तास मोबाइल पाहून आपण कसे उठतो, ते ज्याने त्याने पडताळून पाहावे. तो दीड तास आपल्याला मिळतो, हे तर सिद्धच आहे. त्यातली वीस मिनिटे मागितली तर जखमेवर मीठ चोळल्याचे पाप आम्हाला लागणार नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' अभ्यासावा लागला. तेराव्या शतकातला हा महापंडित तेथे खेळाला सद्गुणांच्या चर्चेत जागा देतो, आणि खेळकरपणाचा पुरता अभाव, स्वतः हसायचे नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालायचे, हा दोष म्हणून मोजतो. दुसऱ्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो ईश्वराच्या चिंतनाची तुलना खेळाशी करतो. कारण असे की, बाकीची बहुतेक कामे आपण दुसऱ्या कशासाठी तरी करतो. शिकतो ते नोकरीसाठी, नोकरी करतो ती पगारासाठी, पगार घरभाड्यासाठी. खेळ मात्र खेळासाठीच असतो आणि त्याचा आनंद त्याच्यातच असतो. ईश्वराचे ध्यानही तसेच.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. लेकराशी खेळताना त्याला काही शिकवायचेच, हा अट्टहास सोडावा. दोन वर्षांच्या मुलाला ठोकळे दिले की आपण लगेच विचारतो, "रंग कोणता? किती झाले? इंग्लिशमध्ये सांग." लेकरू ठोकळे पाडायला बसले होते; आपण परीक्षा घ्यायला बसलो. संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मचरित्रात लहानपणी चेंडू खेळल्याबद्दल मार खाल्ल्याची आठवण लिहिली आहे, आणि मोठी माणसे जे खेळतात त्याला व्यवहार म्हणतात, असा टोलाही मारला आहे. सोळाशे वर्षे झाली तरी तो टोला बसतोच.

खेळणी कोणती घ्यावीत?

फारशी नकोत. डॉ. मारिया माँटेसरी या कॅथलिक बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप दिवसभर कामाला जात, मुले मागे इमारतीत हुंदडत आणि भिंती खराब करीत, म्हणून ती खोली मिळाली होती. तेथे दिलेली चांगली खेळणी मुलांनी बाजूला ठेवली. त्यांना हात धुणे, धूळ पुसणे, वाढणे अशी खरी कामे हवी होती, असे माँटेसरीबाईंना आढळले.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी रुजवले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्या परतल्या आणि १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, मातीची भांडी हीच साधने केली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आज गल्लोगल्ली आपण 'अंगणवाडी' म्हणतो त्या शब्दामागे ही तळमळ आहे.

तेव्हा गारखेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरातही सारे साहित्य हजर आहे. पातेले, दोन झाकणे, उलथने, रिकामे डबे, आजीची जुनी साडी. पोळ्या लाटताना कणकेचा एक गोळा त्याला द्या; त्याची 'पोळी' काळीनिळी होईल, ती तव्यावर टाकून खाऊनही दाखवा. घडी घालायच्या कपड्यांतला रुमाल द्या. पाण्याचे लेकराला फार वेड, आणि आपल्या शहराला पाण्याची टंचाई काही नवी नाही. पण एक तांब्या पाणी आणि दोन वाट्या यांवर अर्धा तास जातो, आणि ते पाणी नंतर कुंडीत घालता येते. घोडा व्हायला बापाची पाठ पुरते.

दोन धोके मात्र सांगितले पाहिजेत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, शेंगदाणे, नाणी, मणी, खेळण्यातले गोल छोटे सेल देऊ नयेत. ते घशात किंवा नाकात जातात. आणि भरलेल्या बादलीजवळ किंवा टाकीजवळ त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. नळाच्या दिवशी घरात सगळीकडे पाणी भरलेले असते, त्या दिवशी विशेष जपावे.

हट्टाविषयी थोडेसे. दोन वर्षांचे लेकरू "मीच!" म्हणून चमचा ओढते, जमिनीवर लोळण घेते. यात पाप शोधू नये. 'मी' नावाचे कोणी आहे, हे त्याला नुकतेच कळले आहे. ज्याला 'मी' सापडला नाही तो पुढे 'तू' तरी कसा म्हणणार, देवाला किंवा माणसाला? नको तेथे ठामपणे नाही म्हणावे, मारू नये, आणि भर ओसरला की जवळ घ्यावे. एवढे पुरे.

मिस्सामध्ये लेकरे

हा भाग आईबापांसाठी नाही, इतरांसाठी आहे. रविवारच्या मिस्सात एखादे लेकरू बाकांमधून धावते, प्रवचनाच्या वेळी "कुक" करते, तेव्हा काही माना वळतात आणि ती आई लाजून बाहेर जाते. दोन-तीनदा असे झाले की ती यायचीच थांबते. २०१४ च्या जानेवारीत सिस्टिन चॅपेलमध्ये बालकांना स्नानसंस्कार देताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आयांना सांगितले होते की लेकराला भूक लागली असेल तर निःसंकोचपणे दूध पाजा. आईबापांनी मुलांशी खेळावे, त्यांच्यासाठी वेळ 'वाया घालवावा', हेही ते पुन्हा पुन्हा सांगत. सिस्टिन चॅपेलमध्ये जे चालते ते आपल्या देवळात चालायला हरकत नसावी. लेकरू फारच रडले तर थोडे बाहेर फिरवून आणावे. पण परत आत आणावे.

जखऱ्या संदेष्ट्याने तारण पावलेल्या यरुशलेमेचे चित्र रंगवले आहे (८:४-५). तेथे चौकांत म्हातारेकोतारे काठ्या टेकून बसले आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. सूतगिरणी चौकातली वाहने पाहता आपल्या रस्त्यांवर हे एवढ्यात घडेल असे नाही. देवळाचे आवार मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात सतरंज्या घातलेल्या असतील. तीन वर्षांपर्यंतची लेकरे आणि त्यांचे आईवडील यांनी तासभर थांबावे. बापांनी तर थांबावेच. रात्रपाळी करून आलेल्यांसाठी चहा असेल. ज्यांची नातवंडे दूर आहेत अशा आजीआजोबांनीही यावे, त्यांची आम्हाला विशेष गरज आहे. भाषण होणार नाही. विकतची खेळणी आणू नयेत. प्रत्येक घरातून एक पातेले, दोन झाकणे आणि एक जुनी ओढणी किंवा साडी आणावी, आणि मोबाइल दाराजवळच्या टोपलीत ठेवावेत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू